एकट्यानं घेतलं तर औषध

‘हात नको, राजा,’ असं म्हणताना काका स्वतःचेच दोन्ही हात जोडायचे. समोरचा माणूस बिचारा मदतीला आलेला असायचा, पाइप उचलायला वाकलेला असायचा. काका आधी हात जोडणार, मग मान तिरकी करून ओशाळं हसणार आणि मग तो पाइप स्वतःच ओढत नेणार. सत्तरीच्या घरातला माणूस, पाइप मनगटाएवढा जाड. नव्यानं बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला कसला तरी ताठा आहे. ताठा कसला घेऊन बसलात! ते शब्द तोंडातून काढताना त्या माणसाला रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमचा वाइनचा कारखाना रोह्याबाहेर, डोंगराच्या कडेला आहे. कारखाना आपलं म्हणायचं. दोन शेड, थोड्या टाक्या, एक बाटल्या भरायचं यंत्र आणि एक ऑफिस, ज्यात पंखा चालला की कागद उडतात. ते कागद सांभाळणारी मी. घर पेणला, रोजची ये-जा एसटीनं. मुरूड-काशीदकडे जाणारे मुंबईचे लोक वाटेत गाडी थांबवतात आणि आमची जांभळाची, करवंदाची वाइन घेऊन जातात. त्यावर आमचं बरं चाललं होतं. पण आमच्या मालकांच्या डोक्यात परदेश शिरला.

तुम्हाला वाटत असेल, वाइन परदेशी पाठवायची म्हणजे खोक्यात भरायची आणि बोटीत चढवायची. अहो, आमची बाटली महाराष्ट्राची हद्द ओलांडतानाच रडकुंडीला येते. शेजारच्या राज्यात परवाना वेगळा, कर वेगळा, लेबलावरची ओळ वेगळी. आपल्याच देशात ती परकी, तर बाहेर तिला कोण पाटावर बसवणार? एका देशानं कळवलं की वाइन हा शब्द फक्त द्राक्षाच्या बाटलीवर चालेल, जांभळाला दुसरं नाव शोधा. दुसऱ्यानं तर कहर केला. जांभूळ नावाचं फळ त्यांच्या यादीतच नाही म्हणे. म्हणजे आम्ही लहानपणी जिभा रंगवून हिंडलो, ते काय खाऊन, देव जाणे. निर्यात वाढवण्याच्या शिबिरांना मी गेले तेवढी नात्यातल्या लग्नांना गेले नसेन. प्रत्येक ठिकाणी एक फाइल, एक पेन, जेवणात पनीर, आणि शेवटी ‘प्रयत्न सोडू नका’ असं सांगणारे एक साहेब.

अशात इस्रायलमधून एका दुकानदाराची विचारणा आली. त्याचे आजोबा पेणच्या बाजूचे. आपल्या कोकणातले ज्यू तिथं पुष्कळ. शुक्रवारी दिवस मावळताना त्यांचा शब्बाथ लागतो, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि त्या वेळी घरातला मोठा माणूस वाइनचा कप हातात धरून प्रार्थना म्हणतो. त्याला किद्दुश म्हणतात. दुकानदाराचं म्हणणं असं की आमच्या म्हाताऱ्यांना त्या कपात गावाकडची वाइन हवी आहे, पाठवता का? मालक खुर्चीतून उठलेच. पण खाली अटी होत्या. वाइन द्राक्षाची हवी आणि ती कोशर हवी. कोशर म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारी. द्राक्ष चिरडल्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत तिला फक्त ज्यू माणसानंच हात लावायचा, आणि तोही शनिवार पाळणारा असला पाहिजे.

मालक पुन्हा खुर्चीत बसले. म्हणाले, आता हा माणूस आणायचा कुठून?

पंपावर काम करणारा आमचा जनार्दन दारात उभा होता. आम्ही त्याला जन्या म्हणतो, रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात राहतो. तो म्हणाला, “आनायचा कशाला? आमच्या शेजारी हाय की.”

कोकणात ह्या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. बोलणं आपलंच, नेसणं आपलंच, जेवणात नारळ आपलाच. आडनावंसुद्धा गावांची. हळूहळू सगळे गेले, कोणी मुंबईला, बहुतेक इस्रायलला. गावांची नावं आडनावात घालून माणसं निघून गेली आणि गावं इथं राहिली. काका मात्र गेले नाहीत. आधी आई होती, ती विमानात बसायला तयार नव्हती. मग धाटावच्या कंपनीतली नोकरी होती. मग आई गेली, नोकरी संपली, तेव्हा त्यांच्या प्रार्थनेच्या जागेची किल्ली त्यांच्याकडे आलेली होती. तिला ते मशीदच म्हणायचे, जुन्या लोकांसारखं. तिथं सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अष्टमीत एक होता. तरी हा एक जण शुक्रवारी दार उघडायचा, झाडून घ्यायचा, दिवा लावायचा आणि एकटा बसून यायचा. मी एकदा विचारलं, कशाला करता? तर म्हणाले, कुनी आला नि दार बंद दिसला तर?

शनिवार पाळण्याची खात्री पटवायला काही लागलंच नाही. धाटावला ते तीन पाळ्यांत काम करायचे, ऑपरेटर होते. शनिवारची शिफ्ट आली की दुसऱ्याला द्यायचे आणि बदल्यात त्याची दिवाळी घ्यायचे, गणपती घ्यायचे, होळी घ्यायचे. रोहे तालुक्यातल्या किती घरांत गणपतीच्या आरतीला बाप हजर होता तो काकांमुळे, हे कोणी मोजलेलं नाही. त्या माणसांनीच येऊन मालकांना सांगितलं. इस्रायलहून कोशरचा तपासनीस व्हिडिओवर बोलला, त्यानं काकांना प्रार्थना म्हणायला लावल्या, नियम समजावले, टाक्यांना लावायची सीलं पाठवली, आणि काका आमच्याकडे रुजू झाले.

माझी-त्यांची ओळख झाली ती मी चिडलेली असताना. मी तशी फटकळच. सगळ्या नियमांचं मराठी करून त्यांना वाचून दाखवत होते आणि मधेच म्हणाले, अहो काका, हे काय सोवळं आहे तुमचं? ते शांतपणे म्हणाले, “माझा नाय गो बाय. माझ्या घरी शुक्रवारी येऊन बघ.”

मग मी गेले एका शुक्रवारी. काळ्या मनुका दुपारी पाण्यात भिजवायच्या, संध्याकाळी कुस्करून गाळायच्या, ते सरबत कपात ओतायचं. वाइन कुठून आणणार पूर्वी, म्हणून आमच्या आज्या-पणज्या असंच करायच्या, म्हणाले. डोक्यावर टोपी, कप तळहातावर, डोळे मिटलेले. जन्याची आई, जिला सगळे मावशी म्हणतात, दाराशी पाय मुडपून बसलेली. तिचा जन्म मिठागरात गेला, नवरा कधीच वारला. जन्या आणि त्याची बायकोही होती. प्रार्थना झाली, मावशी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाली. तिचा उच्चार काकांपेक्षा खणखणीत. मग काका एक घोट प्यायले आणि कप तिच्या हातात दिला. तिच्याकडून जन्याकडे, त्याच्याकडून बायकोकडे, शेवटी माझ्याकडे. त्यांची आई गेल्यापासून असंच चाललेलं होतं. मी म्हटलं, हे सगळ्यांनी प्यायलंच पाहिजे का?

“घरातल्यांनी प्यायचा असतो,” काका म्हणाले. “एकट्यानं घेतला तर औषध.”

ह्या सगळ्यात त्यांचा जीव कशात अडकला होता, ते मला पुढे कळलं. त्यांची धाकटी बहीण तिकडे होती. तीही आता थकलेली. फोनवर ती एकदा म्हणाली होती, इथं सगळं मिळतं रे, आपल्या अष्टमीचं काही मिळत नाही. काकांना तिकडे जाऊन तिच्या टेबलाशी बसणं ह्या जन्मात जमणार नव्हतं. गुडघे गेलेले, आणि किल्ली कोणाला देणार? पण बाटली जाऊ शकत होती. त्यांनी मालकांकडे एकच मागणं मागितलं. लेबलावर रोहे-अष्टमी असं मराठीत छापा. मालकांनी छापलं. पहिला गठ्ठा आला तेव्हा काकांनी एक लेबल खिशात घातलं आणि दिवसातून चारदा काढून बघितलं. मी बघत होते.

नाशिककडून काळी द्राक्षं क्रेटमध्ये आली आणि खरी परीक्षा सुरू झाली. अख्ख्या द्राक्षाला कोणीही हात लावला तरी चालतो. एकदा फुटलं की फक्त काका. यंत्रात घोस टाकायचे काकांनी, पंप लावायचा काकांनी, आंबवण चालू असताना वर तरंगणारी सालं रोज दांड्यानं खाली दाबायची काकांनी. बाकीचे सगळे जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या बाहेर हात बांधून उभे. ज्यांना हमालीची सवय त्यांना नुसतं उभं राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जन्याचा संयम सुटला. काका बादली घेऊन शिडी चढत होते, पाय लटपटला, जन्या धावला, आणि काकांनी वरूनच हात जोडले. जन्या जागेवर थांबला. म्हणाला, “इतकी वर्सं तुझ्या कपातला प्यालो. आता आमी बाटवतो काय?”

आपल्या भागात हा प्रश्न कोणी सहज विचारत नाही आणि सहज ऐकतही नाही. काका शिडीवरून उतरले, बादली खाली ठेवली. “तू नाय रे बाटवत. कायदा तिकडचा हाय. मला तरी कुठं पटतो?” एवढं बोलून ते बाहेर गेले आणि सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आले. त्या दिवसापासून चहाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी, दुपारी, प्रत्येकाच्या हातात स्वतः कप द्यायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्या कायद्याचा त्याहून जास्त यायचा. काय मेले नियम, ज्यांच्यामुळे भल्या माणसाला गावाची माफी मागत फिरावं लागतं!

तरी त्यांनी नियम पाळला. वाइनला दुसऱ्या कोणी बोट लावलं नाही. वाइन गाळून झाली, मोठ्या टाकीत भरून झाली, आणि टाकी बंद करून सील लावायचा दिवस नेमका शुक्रवार आला. काम लांबलं. घरी जाऊन दिवस मावळायच्या आत किद्दुश करणं शक्य नव्हतं. काका म्हणाले, इथंच करू. घरून कप मागवला, तो घेऊन मावशी रिक्षानं आली. टाकीच्या नळातून पहिल्यांदा खरी वाइन त्या कपात पडली. काकांनी प्रार्थना म्हटली. आवाज असा लागला होता की पत्र्याच्या शेडमध्ये घुमत होता. पूर्वी नुसतं सरबत होतं, म्हणाले, आज बाप असता तर.

मग नेहमीसारखा कप फिरला. मावशी, जन्या, मालक, मी, दारावरचा वॉचमन. सगळ्यांच्या घोटांनंतर तळाशी थोडीशी उरली. काकांनी कप घेतला, सावकाश शिडी चढले, आणि ते उरलेलं टाकीत ओतलं. खाली बघून म्हणाले, “तिकडच्यांना आपल्या सगळ्यांचा घोट जाऊ दे.” मग दिवस मावळायच्या आत झाकण लावलं, सील केलं. मावशीनं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला बोलू? सगळ्या महिन्यांत त्या एका संध्याकाळी शेडमध्ये कोणी पट्टीच्या बाहेर नव्हतं.

तपासनीस आला तो हिवाळा सरताना. तरुण होता, दाढी काळीभोर, बोलणं मऊ. काका सकाळपासून पांढराशुभ्र सदरा घालून फाटकात उभे होते. त्याला आधी मशीद दाखवायला घेऊन गेले. दोघं आतून बाहेर आले तेव्हा काकांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. दुसऱ्या माणसाच्या आवाजात आवाज मिसळून त्यांनी किती वर्षांनी प्रार्थना म्हटली असेल! मावशीनं नारळ घालून पोहे केले होते. तपासनिसानं हात जोडून नाही म्हटलं आणि आपल्या पिशवीतलं खाल्लं. काकांनी मावशीला सांगितलं, पोट बिघडलंय त्याचं, प्रवासानं.

टाकी बघून झाली, सीलं जुळली. तो खूश होता. आम्ही ऑफिसात बसलो. तो इंग्रजीत विचारायचा, मी मराठी करायची, काका बोलायचे, मी इंग्रजी करायची. जन्या आणि मालक बाजूला उभे. कोणी हात लावला? कोणी नाही. किल्ली कोणाकडे? माझ्याकडे. सगळं नीट चाललं होतं. शेवटी तो सहज म्हणाला, तुम्ही फार एकटे आहात इथं, शब्बाथ कसा करता?

आणि काका खुलले हो. इतक्या वर्षांनी आपल्यातलं कोणी विचारणारं भेटलेलं. मनुकांचं सरबत सांगितलं, मावशीचं आमेन सांगितलं, आणि मग टाकीशी केलेलं किद्दुश सांगितलं. कप कसा सगळ्यांत फिरला, तळाचं कसं परत ओतलं, काय म्हणून ओतलं, सगळं. हातानं शिडी दाखवत, हसत. मीही हौसेनं एकेक शब्द इंग्रजीत सांगत होते. ह्यात लपवण्यासारखं काही आहे हे आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. त्यांना काय, आम्हाला काय, नियम हाताचा होता, आणि हात तर काकांचाच होता. किद्दुशचा कप तर आशीर्वादाचा. त्यानं काही बिघडेल असं कोकणातल्या कुठल्याच शनवार तेल्याच्या मनात आलं नसतं.

तपासनिसानं लिहिणं थांबवलं. मला पुन्हा विचारलं, सगळे प्यायले त्यातलं उरलेलं? त्याच टाकीत? मी हो म्हटलं. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याच्याच डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, ज्यू नसलेल्यांच्या तोंडचं टाकीत गेलं, टाकी चालणार नाही. मालकांनी विचारलं, उकळून घेतली तर? ते कोणाचं तोंड लागायच्या आधी करायला हवं होतं, आता नाही. लेबलं, दुकानदार, बोट, सगळं त्या दोन वाक्यांत संपलं.

हे काकांना मराठीत सांगायचं काम माझं. मी सांगितलं. मला वाटलं बहिणीचं विचारतील. पण त्यांनी दुसरंच विचारलं.

“त्याला विचार, म्हंजे इतकी वर्सं माझा किद्दुश झालाच नाय काय?”

मी विचारलं. तपासनीस उठला, त्यानं काकांचे दोन्ही हात धरले आणि सावकाश बोलला. मी मराठी केलं, “तुमचं झालं, काका. टाकीचं नाही.”

काकांनी मान हलवली. पटलं की नाही, कोणास ठाऊक.

मालक काही दिवस फणफणले आणि मग निवळले. टाकीतली वाइन साध्या लेबलाच्या बाटल्यांत भरली, पेण-अलिबागकडच्या दुकानांत गेली आणि चांगली खपली. मुंबईच्या बायका सांगून गेल्या की फार छान आहे, ठेवत जा. मी एक बाटली तरी काकांच्या बहिणीला पाठवावी म्हणून खटपट केली. कुरियरवाला दारू घेईना, पोस्टात चालेना, तिकडे जाणाऱ्या माणसाला बाटली कोशर नाही हे सांगावं लागे आणि तो नको म्हणे. ह्या दोन देशांमधे टँकर जातात, मिरच्या जातात, माणसं जातात. एका म्हातारीपर्यंत एक बाटली जाईना. काका म्हणाले, राहू दे बाय, तिला मी सांगितलाय द्राक्षा नासली म्हनून.

ते कामाला येत राहिले. आता ते कोणाला अडवत नव्हते. पाइप उचलायला चार जण यायचे. चहा मात्र तेच करायचे. पावसाळ्यात छातीत कफ झाला, रोह्याच्या दवाखान्यात चार दिवस काढले आणि गेले. मातीला दहा पुरुष पुरे पडावेत म्हणून पेणहून, अलिबागकडून, मुंबईहून माणसं आली. काकांचं त्यांनी सगळं नीट केलं. आमचे कामगार लांब झाडाखाली उभे होते. जवळ जायचं की नाही, ते कोणाला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी मावशीला भेटायला गेले. ती ओट्यावर बसली होती. काकांच्या घराला कुलूप, दोन घरांच्या मधे हातभर बोळ. मी उगीच बोलायचं म्हणून म्हटलं, मावशी, आता शुक्रवारी चुकल्याचुकल्यासारखं होईल तुम्हाला. ती माझ्याकडे बघेना. म्हणाली, तो दाढीवाला येऊन गेल्यापासून आम्ही गेलोच नाही शुक्रवारचे. जन्यानं घरी येऊन सांगितलं होतं, आपण प्यायल्यामुळे त्याचं सगळं बुडालं, बहिणीला बाटली गेली नाही. मग कसं जायचं?

मी विचारलं, काकांनी बोलावलं नाही?

“बोलवायचा तर. दर शुक्रवारी उंबऱ्यात कप घेऊन बसायचा नि हाक मारायचा, येतेस काय गो? आमी हितून बघायचो. अंदार पडंपरत बसायचा.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दवाखान्यात नेला त्याच्या आदल्या शुक्रवारी पन हाक मारली त्यानं. मी म्हटला, भाकऱ्या टाकतंय, पीठ मळून ठेवलाय. पीठ डब्यातून काढलाबी नव्हता गो.”